घरपट्टी वाचवायला हातखंबा गाठावं का?

प्रश्न थोडक्यात: रत्नागिरी शहरात स्वतःचा, कर्ज फिटलेला ६२० चौरस फुटांचा फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवराबायको दोघंही शहरातच नोकरीला, मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. नगरपरिषदेचं बिल वर्षाला ८,४०० रुपये येतं, ग्रामपंचायत हद्दीत ते २,७०० च्या आसपास येईल असं कळलंय. फ्लॅट ३८ लाखांना विकून कुवारबावला ४८ लाखांचा मोठा फ्लॅट घ्यावा, की हातखंब्याजवळ प्लॉट घेऊन घर बांधावं?

उत्तर:

तुमच्या पत्रात घरपट्टीचा उल्लेख चार वेळा आहे आणि पाण्याचा एकदाही नाही. इथूनच सुरुवात करू.

घरपट्टीतला फरक वर्षाला ५,७०० रुपये, म्हणजे महिन्याला ४७५. आता दुसरी बाजू बघा. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि दुचाकीला लिटरमागे ४५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये नुसतं इंधन. ऑइल, टायर, ब्रेक, विमा मिळवून साडेतीन रुपये धरा, त्यापेक्षा कमी धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. आज ऑफिस दोन किलोमीटरवर आहे. तुमच्या मोजणीप्रमाणे हातखंब्याहून ते चौदा होईल. जाऊन येऊन रोज २४ किलोमीटर जास्त, पंचवीस दिवसांचे ६००, म्हणजे एका गाडीचे २,१००. तुम्हा दोघांच्या वेळा जुळत नाहीत, तेव्हा दुसरी गाडी आली: ४,२००. आज चालत शाळेत जाणाऱ्या मुलाची व्हॅन तुम्हीच १,६०० सांगितली आहे. एकूण महिन्याला ५,८००. वर्षभर घरपट्टीत वाचवलेले पैसे पहिल्याच महिन्यात संपले. कुवारबाव सहा किलोमीटरवर आहे, तिथे याच हिशेबाने दोन गाड्यांचे १,४०० आणि व्हॅनचे हजार मिळून २,४०० होतात. म्हणजे तिथेही अडीच महिन्यांच्या आत बचत साफ.

हा झाला कोरड्या दिवसांचा हिशेब. जून ते सप्टेंबर महामार्गावरून रेनकोट घालून रोज अठ्ठावीस किलोमीटर जाणं-येणं किती दिवस टिकेल, ते तुम्हीच ठरवा. चारचाकी काढलीत तर किलोमीटरला दहा-अकरा रुपयांच्या खाली काही पडत नाही.

एसटीचा पर्याय मात्र लोक उगाच दुर्लक्षित करतात. ग्रामीण भागातून शाळेत येणाऱ्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, शाळेच्या दाखल्यावर आगारातून मिळतो. वहिनींना सरसकट अर्धं तिकीट आहे. महिन्याचा पास काढायच्या आधी आकडा मांडा: पूर्ण दराचा मासिक पास म्हणजे वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास, आणि पंचवीस दिवसांचं रोजचं अर्धं तिकीट म्हणजे साडेबारा दिवसांचं भाडं. रोज तिकीट काढणंच स्वस्त. फक्त शाळा सुटल्यावरची गाडी किती वाजता आहे आणि ती चुकली तर पुढची कधी, हे वेळापत्रकावरून ठरवू नका, आठवडाभर थांब्यावर उभं राहून बघा.

आता पाणी. जलजीवन मिशनची गावातली नळयोजना माणशी दिवसाला ५५ लिटर धरून आखलेली असते. शहरातल्या राहणीला माणशी १३५ लिटर धरतात. चौघांचे ५४० लिटर लागणार आणि योजना पूर्ण क्षमतेने चालली तरी २२० येणार. उरलेल्या ३२० लिटरसाठी आवारात विहीर किंवा बोअर हवी. ती मे महिन्यात आटली, तर ५,००० लिटरचा टँकर जेमतेम पंधरा दिवस पुरतो. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, पण जांभ्यातून तो थांबत नाही, खाली निघून जातो. म्हणून श्रावणात विहीर काठोकाठ बघून प्लॉटला टोकन देऊ नका. एप्रिलअखेर जा, विहिरीत दोर सोडा आणि शेजारच्या घरात विचारा की गेल्या वैशाखात टँकर किती आले आणि कितीला. कुवारबावच्या इमारतीतही हाच प्रश्न: पाणी कुठून, किती वेळ, उन्हाळ्यात टँकरचा खर्च सोसायटी वेगळा घेते का. मागच्या मे महिन्याची देखभालीची पावती बघायला मागा. तोंडी उत्तरापेक्षा ती जास्त बोलते.

शाळेचा प्रश्न तुम्ही मुलाच्या बाजूने बघताय, मी मुलीच्या बाजूने बघेन. ती पुढच्या वर्षी आठवीत जाईल. दहावीपर्यंत शाळा बदलू नये असं माझं मत आहे, म्हणजे तीन वर्षं ती शहरातच येणार. अकरावीला गोगटे-जोगळेकर असो की दुसरं कॉलेज, पुन्हा शहरच, शिवाय क्लास. तिचं संपेस्तोवर मुलगा त्याच वाटेवर येईल. हातखंब्याला गेलात तर पुढची दहा वर्षं घरातलं कोणी ना कोणी रोज सकाळी शहराकडे निघणार. मुलाला जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घालायची तयारी असेल, तर व्हॅनचे पैसे वाचतील. तिथले शिक्षक आणि पटसंख्या स्वतः जाऊन बघा, काही शाळा उत्तम आहेत.

म्हणून हातखंब्याचा बेत आत्ता नको. प्लॉट गुंतवणूक म्हणून घ्यायचाच असेल तर कागदांत घाई करू नका. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार किती आणि त्यातले मुंबईला किती, इतर हक्कांत कुळाचं नाव आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी) आहे का, अकृषक आदेश आहे का, रस्ता कागदावर आहे की नुसता वहिवाटीचा, हे वकिलाकडून तपासून घ्या. महामार्गालगत असेल तर रस्त्यापासून किती अंतर सोडून बांधता येतं तेही विचारा, नाहीतर पाच गुंठ्यांतले दोन अंगणातच जातील. ‘ग्रामपंचायतीचा नमुना ८ नावावर आहे’ असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, आणि बँक त्यावर कर्ज देत नाही.

कुवारबावचा फ्लॅट विचार करण्यासारखा आहे, पण जागा हवी म्हणून आणि जिना नको म्हणून. घरपट्टीसाठी नव्हे. फरक दहा लाखांचा दिसतो, तो तेवढाच राहणार नाही. शहरालगतचं गाव बाजारमूल्य तक्त्यात (रेडी रेकनरमध्ये) प्रभाव क्षेत्रात, म्हणजे शहराच्या प्रभावाखालच्या पट्ट्यात, असेल, तर ग्रामपंचायत असूनही मुद्रांक शुल्क गावाच्या नव्हे तर नगरपरिषद हद्दीच्या दराने लागतं. दुय्यम निबंधक कार्यालयात सर्व्हे नंबर सांगून आधी खात्री करा. पाच टक्के धरले तर २ लाख ४० हजार, नोंदणी फी ३०,०००. खरेदी फक्त वहिनींच्या नावावर केली तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, इथे ४८,००० रुपये. संयुक्त नावावर ती मिळत नाही. मात्र कर्जाच्या व्याजाची वजावट घेणारा मालकांपैकी असावा लागतो. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही, मग सवलत घ्यायला हरकत नाही.

सगळ्यात महाग चूक भोगवटा प्रमाणपत्रात, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याच्या अधिकृत दाखल्यात, होऊ शकते. इमारत ‘तयार’ आहे असं तुम्ही लिहिलंय. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर पहिला पैसा दिलात तर जीएसटी नाही. त्याआधी दिलात तर ४८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे आणखी २ लाख ४० हजार. ४५ लाखांपर्यंतच्या, आपल्या भागात ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतल्या घराला तोच दर १ टक्का आहे, तेव्हा बिल्डरशी घासाघीस करताना हा ४५ चा आकडा डोक्यात ठेवा.

दलाली, फर्निचर, सामान हलवणं धरून पंधरा लाखांचं कर्ज लागेल. साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांचा हप्ता सुमारे १४,८०० रुपये. त्यात प्रवासाचे २,४०० मिळवा. आज घराचा हप्ता शून्य असलेल्या घरातून दरमहा सतरा हजार जाणार. हातात ९२,००० येतात, म्हणजे झेपेल, पण मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी चाललेली एसआयपी त्यासाठी थांबवू नका. ती थांबणार असेल तर खोली लहानच बरी. जुना फ्लॅट विकून झालेल्या नफ्यावर कर लागणार नाही, कारण नफ्यापेक्षा मोठी रक्कम नव्या घरात जातेय. मात्र नवं घर विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेलं हवं, आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नसतील तर ते बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवायचे, साध्या बचत खात्यात नव्हे.

शिवाय कमी घरपट्टी कायमची धरून चालू नका. शहरालगतचं गाव कधीतरी हद्दवाढीत येतं, आणि ग्रामपंचायतही दर वाढवू शकते. आजच्या बिलाचं म्हणाल तर नगरपरिषदेची फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. नोटीस आली की क्षेत्रफळ आणि वापर नीट नोंदलाय का ते बघा, चूक असेल तर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या. बिल कमी करण्याचा हा मार्ग घर बदलण्याहून बराच स्वस्त आहे.

मी सुचवेन ते असं: या मे महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आत, कुवारबावला त्याच इमारतीत किंवा शेजारी अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने राहायला जा आणि शहरातला फ्लॅट भाड्याने द्या. एक आख्खा पावसाळा आणि पुढचा एप्रिल तिथे काढा. दोन्ही भाड्यांतला फरक महिन्याला दोन-अडीच हजार पडेल, १५ लाखांच्या कर्जासमोर हा खर्च किरकोळ आहे. दोन्ही करार नोंदवून घ्या. नोंदणी सक्तीची आहे आणि मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्काच आहे. भाडेकरू ठेवल्यावर नगरपरिषद त्या फ्लॅटचं करयोग्य मूल्य वाढवू शकते, तेवढे पैसे भाडं ठरवतानाच धरा.