विचारा मावशीला : मलिद्याचं ताट हॉलमध्ये न्यायचं का?

प्रश्न : मावशी, शालोम. आम्ही बेने इस्रायल, कोकणातून इस्रायलला आलेले ज्यू. माझ्या मुलाचं लग्न एका मोरोक्कन ज्यू घरातल्या मुलीशी ठरलंय. मला लग्नाच्या संध्याकाळी हॉलमध्ये मलिदा, म्हणजे आपलं गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट, ठेवायचंय. हॉलवाला म्हणतो, घरचा पदार्थ आत आणता येणार नाही. आणि मुलगा म्हणतो, "आई, हा तर हिंदूंचा प्रसाद. सासरच्यांना काय वाटेल?" मी काय करू?
– एक आई, अशदोद

उत्तर : बाई गं, आधी हॉलचं बघू. तो आडमुठेपणा करत नाहीये. त्याच्याकडे कश्रुतचं, म्हणजे ज्यू खाण्यापिण्याचे नियम पाळल्याचं, प्रमाणपत्र असतं, देखरेखीला माणूस असतो. घरच्या स्वयंपाकघरातलं काही आत गेलं तर त्याचं प्रमाणपत्र धोक्यात येतं. तिथे भांडू नकोस. हॉलचा आचारी "आम्हीच करून देतो" म्हणाला तरी नको म्हण. सॅलडच्या शेजारी वाट्यांत पोहे मांडले तर पाहुणे ते गोड म्हणून चमच्याने खाऊन पुढे जातील. मलिदा हा मुळात नवसाचा, शुभकार्याचा विधी आहे. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेतल्याशिवाय, बराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हटल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो.

तेव्हा मेंदीच्या दिवशी घरी कर. मोरोक्कन लोकांतही लग्नाआधी मेंदी असते, आणि ती आपल्यापेक्षा थाटात. तुझे व्याही त्या दिवशी येणारच.

आता लेकाचं. पोहे, नारळ, साखर, वेलची हे सगळं कोकणातलंच. अलिबाग-पनवेलच्या घरात दुसरं काय असणार? पण ताटासमोर जे म्हटलं जातं ते हिब्रू. झाडाच्या फळाची बराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. केळं जमिनीच्या बाजूला जातं, हे लेकाला विचारून बघ, येतंय का. सुवासाचीही बराखा असते, म्हणून सब्जा किंवा गुलाब हाताशी ठेवायचा. कोणी मलिद्याचा संबंध थेट जेरुसलेमच्या मंदिरातल्या धान्याच्या अर्पणाशी लावतात. मला एवढं लांब जायची गरज वाटत नाही. शेजाऱ्यांकडून ताट घेतलं असेल तर घेतलं. आपले पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्याच शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. त्यांच्यात राहून शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सांभाळला, मग त्यांच्या पोह्यांनी काय बिघडणार होतं?

पण लेकाची भीती पोकळ नाही, हे लक्षात घे. १९६२ साली आपल्या लोकांच्या लग्नाआधी मागच्या पिढ्या तपासायचा आदेश निघाला होता. लोक जेरुसलेमला जाऊन ठिय्या देऊन बसले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारने आपण सर्व बाबतींत ज्यूच असल्याचं जाहीर केलं. त्या काळात कित्येक घरांनी बाहेरच्यांसमोर भारतीय काही दाखवायचं नाही, असं ठरवून टाकलं. तो संकोच पोरांपर्यंत झिरपलाय.

व्याह्यांचं म्हणशील तर ते साधुपुरुषांच्या कबरींवर मेणबत्त्या लावणारे, हिलुला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव, करणारे लोक. नवस त्यांना समजावून सांगावा लागत नाही. पेसाहचा सण संपला की मिमुनाच्या सणाला ते मुफलेटा, म्हणजे पातळ गोड पोळ्या, करतात आणि आता तो सण अख्खा देश साजरा करतो. त्यांनी आपलं ताट लपवलं नाही. विहीणबाईंना सांग, आपले लोक अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या खुणेच्या दर्शनाला जायचे, इथे आल्यावर हैफाला एलियाहूच्या गुहेत जाऊ लागले. ती गुहा त्यांना माहीत असणारच.

सामानाचं थोडक्यात : पोहे जाड घे, पातळ्यांचा लगदा होतो. नारळ ताजा किंवा फ्रीजरमधला खवलेला. सुका कीस नको, तो घशात अडकतो. साखर शेवटी घाल. पाच फळं हवीत. खजूर इथले मेजूल घे, माझ्या मते भारतातल्यापेक्षा बरे. लोणी-दूध काही नाही, त्यामुळे मागाहून मटण वाढलंस तरी दूध-मांस एकत्र होण्याची अडचण नाही.

आणि एलियाहूचं गाणं लेकालाच म्हणायला लाव.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या बेने इस्रायल शेजारीण ज्यू नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा द्यायच्या. त्या इस्रायलला गेल्या. घरी केला तर माझी वडी पडत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चीक पातळ राहतोय. गहू तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, वाटून पिळून गाळा आणि चीक रात्रभर बसू द्या. सकाळी वरचं पाणी पूर्ण ओता. जीव खालीवर होतो, तरी ओता. मग नारळाचं घट्ट दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत राहा. गाईचं दूध नको. सणाच्या जेवणात मटण असतं, म्हणून आपल्याकडे नारळाचंच. मिश्रण पातेल्याच्या कडा सोडून एक गोळा होऊन फिरायला लागलं की थाळ्यात ओता, वर बदाम-पिस्ते दाबा. गरम असताना सुरी लावू नका. घाईच्या बायका चायना ग्रास किंवा कॉर्नफ्लोर वापरतात. वडी छान पडते, चव मात्र मला आवडत नाही.