मुंबई–पुणे १९२ किलोमीटर, तरी रेल्वेला तीन तास का लागतात? गाड्यांचा कमाल वेग ताशी १३० किलोमीटर केला तर सव्वादोन तासांत पोहोचता येईल का?

नुसता कमाल वेग वाढवून नाही येणार. या मार्गावरचा वेळ जातो तो गाडी जिथे रांगते तिथे, म्हणून वाचवायचाही तिथेच.

आधी हिशेब बघा. ११० च्या वेगाने एक किलोमीटर जायला सुमारे ३३ सेकंद लागतात, १३० ने २८. फरक पाच सेकंदांचा. लोणावळा ते पुणे ६४ किलोमीटर आहे. गाडी कुठेही न थांबता, न मंदावता सलग १३० ने धावली तरी सव्वापाच मिनिटं वाचतील. प्रत्यक्षात तेवढीही नाहीत, कारण वळणं आहेत, शिवाय पुढे लोकल असते.

आता उलट बाजू. रुळाच्या कामासाठी एका किलोमीटरवर ताशी ३० ची तात्पुरती मर्यादा लावली आहे असं समजा (रेल्वेत याला कॉशन म्हणतात). बावीस डब्यांची गाडी इंजिनासकट ५४० मीटर भरते. शेवटचा डबा त्या पट्ट्याबाहेर पडेपर्यंत वेग वाढवता येत नाही, म्हणजे दीड किलोमीटर ३० नेच काढायचं. त्यात ११० च्या मानाने सव्वादोन मिनिटं जादा गेली. आधी ब्रेक लावून वेग उतरवणं आणि नंतर पुन्हा पकडणं धरलं तर साडेतीन. असे दोन कॉशन लागले की १३० ची सगळी कमाई संपली. त्यामुळे गाडी वेगवान करायची तर कॉशन वेळेत उठवणं हे पहिलं काम. ते बातमीत येत नाही, पण सर्वांत स्वस्त आहे.

आता घाट. खरा अडसर तोच. कर्जत मुंबईपासून १०० किलोमीटरवर, लोणावळा १२८ वर. मधल्या २८ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त उंची चढायची असते आणि तीव्र चढ १:३७ चा आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला, तेव्हा वाफेच्या इंजिनांच्या काळात हे धाडसच होतं. आपण आजही मुख्यतः त्याच चढावरून जातो.

एक इंजिन का पुरत नाही ते मांडून दाखवतो. भरलेला एलएचबी (नव्या बनावटीचा) डबा ढोबळ ५० टनांचा धरला तर २२ डब्यांचे ११०० टन. डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं. एकूण १२२३ टन, भागिले ३७, म्हणजे नुसतं गुरुत्वाकर्षण गाडीला ३३ टनांच्या जोराने मागे खेचतं. चाकांचा आणि वळणांचा विरोध धरला की ३७-३८. हे इंजिन गाडी हलवताना जास्तीत जास्त देतं तेही ३३ टनांच्या आसपासच. म्हणजे घाटात सिग्नलला थांबलेली गाडी पुन्हा हलणारच नाही. पावसात रूळ ओले झाले की चाकं घसरतात आणि हातात आणखी कमी उरतं. म्हणून कर्जतला मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात. पुढे का नाही? सगळी ओढ पुढून लावली तर पहिल्या कपलिंगवर (डबे जोडणाऱ्या आकड्यावर) प्रचंड ताण येतो, आणि चढावर कपलिंग तुटलं तर मागचे डबे घरंगळत खाली येतील. मागे इंजिन असलं की ते डबे अडवून धरतं.

प्रवाशाला कर्जतचा थांबा म्हणजे वडापावची वेळ. तेवढ्यात बँकर जोडणं, ब्रेक तपासणं, पुढच्या-मागच्या लोको पायलटांचा ताळमेळ हे सगळं उरकावं लागतं. लोणावळ्याला तेच बँकर काढायचे. एवढ्यावर भागत नाही. काढलेली इंजिनं परत कर्जतला उतरवावी लागतात, आणि रिकामी इंजिनं उतरतात तेव्हा घाटातली तेवढी वाट त्यांनी अडवलेली असते. घाटात तीन मार्गिका असूनही त्या कमी का पडतात, त्याचं हे एक मोठं कारण.

बँकर टाळता येतात, हे सिद्ध झालेलं आहे. मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानी २०१९ मध्ये सुरू झाली. तिला पुढे एक, मागे एक इंजिन असतं आणि दोन्ही पुढूनच चालवली जातात. तिच्या वाटेवरचा कसाऱ्याचा घाटही १:३७ चाच, पण ती बँकरसाठी थांबत नाही. वंदे भारतमध्ये मोटर एका इंजिनात नसून निम्म्या डब्यांखाली वाटलेल्या असतात, त्यामुळे तीही एकटी चढते. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली ती याच घाटातून. मग तिलाही पुण्यापर्यंत तीन तास का? बँकरचा थांबा वाचला, पण घाटातली वेगमर्यादा आणि आधी-नंतरची गर्दी तशीच राहिली. घाटात सरासरी ४० ने ४२ मिनिटं लागतात. ६० ने जाता आलं असतं तर २८. ही १४ मिनिटं गाडी बदलून मिळत नाहीत, त्यासाठी चढ आणि वळणंच बदलावी लागतील.

उतरताना इंजिनाच्या ताकदीचा प्रश्न नसतो, ब्रेकचा असतो. म्हणून घाटात कॅच सायडिंग आहेत. पॉइंट (रूळ बदलणारा सांधा) एरवी चढावर जाऊन संपणाऱ्या आंधळ्या रुळाकडे वळवलेला असतो आणि गाडी ताब्यात आहे हे नक्की झाल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. यात घाई करावी असं माझं मत अजिबात नाही.

पावसाळ्याचं वेगळं. दरड आली की सगळाच हिशेब कोलमडतो. २०१९ च्या पावसाने याच घाटातल्या मंकी हिल–नागनाथ दरम्यान रूळमार्ग इतका खराब झाला की दुरुस्तीसाठी कित्येक महिने गाड्या रद्द किंवा अर्ध्यावर संपवाव्या लागल्या. सैल खडक मे अखेरीपर्यंत पाडून घेणं आणि कड्यांवर जाळ्या बसवणं यावरचा खर्च म्हणजे वक्तशीरपणावरचाच खर्च.

घाटाखाली गर्दी लोकलची. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत लांबच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली. पण कुर्ल्याच्या अलीकडे सीएसएमटीपर्यंत ती नाही, आणि कल्याणच्या पुढे कर्जतकडे लोकल व एक्स्प्रेस एकाच जोडीवर. कल्याणला कसारा आणि कर्जत अशा दोन दिशा फुटतात. तिथे एक गाडी दुसरीचा रस्ता कापते तेव्हा दुसरीला बाहेर उभं राहावंच लागतं. कल्याण यार्डाची फेररचना आणि कर्जतपर्यंत तिसरी-चौथी मार्गिका, ही माझ्या लेखी कोणत्याही नव्या गाडीपेक्षा आधीची गरज. घाटावर पुणे–लोणावळ्याचंही तेच. दोनच रूळ, त्यावर लोकल, मालगाड्या आणि दक्षिणेकडच्या सगळ्या गाड्या.

पुण्याच्या रोजच्या गाड्यांचे बँकर हटवले, कॉशन आटोक्यात ठेवले आणि कल्याण मोकळं केलं, तर अडीच-पावणेतीन तास जमण्यासारखे आहेत. सव्वादोनसाठी घाटाला नवा मार्गच लागेल. चढ १:६० चा ठेवला तर तेवढ्याच उंचीसाठी ३३-३४ किलोमीटर लागतात, १:१०० ला ५६. लांबी वाढते आणि बरीचशी बोगद्यांत जाते, पण बँकर कायमचे सुटतात. मालगाड्यांचेसुद्धा.

तोवर पुण्याहून मुंबईला वेळेत पोहोचायचं असेल तर पुण्यातूनच सुटणारी गाडी घ्या: डेक्कन क्वीन, सिंहगड, प्रगती, इंटरसिटी. लांबून येणारी गाडी आधीच उशिरा असली की तिची ठरलेली वेळ निघून गेलेली असते, आणि मग ऐन गर्दीत कल्याणच्या अलीकडे तिला लोकलच्या मागे सरकत जावं लागतं.