मंगळवार-शुक्रवारची रजा

प्रश्न : अमळनेरला बियाण्यांच्या एजन्सीचं ऑफिस मी सांभाळते. आम्ही बारा जण आहोत. हिशेबनिसाच्या पत्नीला दर मंगळवारी-शुक्रवारी जळगावला डायलिसिसला न्यावं लागतं. कापूस बियाण्याचा हंगाम तोंडावर आलाय आणि बाकीचे कुरकुरताहेत. काय करू? – एक वाचक

उत्तर : ताई, वार ठरलेले आहेत हे तुमच्या पथ्यावरच पडलंय. डायलिसिसला साधारण चार तास, वर रेल्वेचं जाणं-येणं. अर्ध्या रजेची भाषा सोडा, पूर्ण दिवस धरा. त्या दोन दिवसांचं बिलिंग दुसऱ्या कुणाला आत्ताच शिकवा. त्याच्या वर्षाच्या किरकोळ रजा अशा लवकरच संपतील, म्हणून अर्जित रजा किती शिल्लक आहे ते बघून पुढची सोय मालकांकडून लेखी घ्या. कुरकुरणाऱ्यांना माणुसकीवर व्याख्यान देऊ नका (ते फुकटात पडतं, म्हणून मालकांना फार आवडतं!), जादा तासांचे पैसे मिळवून द्या. आजाराचा तपशील मात्र त्याला विचारल्याशिवाय कुणाला सांगू नका. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी त्यानं केलीय का, तेवढं विचारा.