‘चुकीचं निवडलं तर?’

“मॅडम, सुरुवातच चुकली तर?” ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो समोरच्याच्या चेहऱ्यावरच दिसतो. कुणाला क्लास निवडायचा असतो, कुणाला गुरू, कुणाला कॅमेरा. म्हणून ही एका मुलाची हकीकत, त्याच्या परवानगीने, ओळख पुसून.

तो ऐरोलीत नाइट शिफ्ट करायचा. सकाळी अर्धवट झोपेत ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ठाण्याला यायचा. त्याला असेम्ब्ली शिकायची होती, म्हणजे प्रोसेसर पाळतो ते हुकूम वाचायला शिकायचं होतं. त्यासाठी डिसअसेम्ब्लर लागतो. तयार प्रोग्रॅममधले आकडे उलगडून तो हे हुकूम दाखवतो. पाच महिने हा मुलगा नुसती तुलना करत होता. आयडाची मोफत आवृत्ती? अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये सर्वांना खुलं केलेलं घिड्रा? की रडार-टू? वहीची अठरा पानं रकाने आखून भरली होती. असेम्ब्लीची ओळ एकही नव्हती.

“तुम्हीच एक सांगा,” म्हणाला. सांगितलं असतं, तर एकोणिसाव्या पानावर माझं मत चढलं असतं.

“चुकलं तर काय होईल?”

“वेळ जाईल.”

“किती?”

“एखादा महिना.”

“आणि आत्तापर्यंत किती गेला?”

तो गप्प झाला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मला इथे फार जवळची वाटते. ‘योग्य निवड झाली तर बरं’ ही इच्छा असते. तिचं ‘व्हायलाच हवी’ झालं की पाय उचलत नाही. पण हे समजावून कुणी हलत नाही. चौथ्या भेटीला मी त्याला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं.

त्याने सी भाषेत दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून दोन ठिकाणी उलगडून आणला होता. आवाज चढलेला. “बघा, दोघं उलट सांगतात!” ऑब्जडम्प हा आणखी एक डिसअसेम्ब्लर; ते म्हणत होतं, मूव्ह आरएसपी, आरबीपी. घिड्रा म्हणत होतं, मूव्ह आरबीपी, आरएसपी. ही दोन रजिस्टरांची नावं, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांची. “यातलं एक चूक आहे. तेच मी घेतलं असतं.”

मला असेम्ब्ली येत नाही. कदाचित म्हणूनच माझी नजर शब्दांवर न थांबता डावीकडच्या आकड्यांवर गेली. दोन्हीकडे ४८ ८९ ई५.

“हे काय रे?”

“तो मूळ हुकूम. बाइट्स.”

“मग तो दोन्हीकडे सारखा कसा?”

बराच वेळ तो पडद्याकडे बघत राहिला. मग बोट ठेवत सावकाश म्हणाला, “इथे आधी ‘कुठून’ लिहिलंय, मग ‘कुठे’. तिथे आधी ‘कुठे’. ही एटी अँड टीची पद्धत, ती इंटेलची. नुसती लिहायची रीत वेगळी!” आमच्या घरी आजोबांच्या जमिनीचा दस्त मोडीत आहे, त्याची बाळबोध नक्कलही आहे. मी त्याला तेवढंच सांगितलं. लिपी बदलली, जमीन तीच. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. त्या दिवशी मी नंतरची भेट दहा मिनिटं उशिरा सुरू केली.

हीच काळजी असलेल्यांसाठी, त्याच्याकडून शिकलेलं सांगते. लिनक्सवर असाल तर ऑब्जडम्पपासून सुरुवात करा. लिहिलेल्या प्रोग्रॅमचे हुकूम बनवणाऱ्या कंपायलरबरोबर ते बहुधा आलेलंच असतं. त्याला इंटेल पद्धतीने दाखवायला सांगा, कारण बरीच पुस्तकं तशीच लिहिलेली असतात. दुसऱ्याचा भलामोठा प्रोग्रॅम उलगडू नका. स्वतःचा छोटा घ्या, ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरने हुकूम आटोपशीर करणं, बंद ठेवून कंपाइल करा. मग कुठली ओळ कशाची झाली ते जुळवता येतं. जीडीबी या डीबगरमध्ये एकेक हुकूम चालवत रजिस्टर कसे बदलतात ते पाहा. विंडोजवर हेच काम एक्स-६४-डीबीजी करतं. घिड्रा मोठ्या प्रोग्रॅमसाठी उत्तम आहे, पण त्यात शेजारीच सीसारखा मजकूर तयार होऊन येतो. शिकताना ती खिडकी बंदच ठेवा. धड्याआधी गाइड उघडलं की धडा वाचलाच जात नाही.

महिन्याभराने रात्री दोनला, शिफ्टमधूनच, त्याचा मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो होता: ३१ सी०, एक्सओआर ईएएक्स, ईएएक्स. खाली लिहिलं होतं, “ऑप्टिमायझेशन चालू केलं, तर शून्य भरायला पाच बाइटचा मूव्ह जाऊन दोन बाइटचं हे आलं! मॅडम, एक्सओआरमध्ये बिट सारखे असले की शून्य, वेगळे असले की एक. म्हणून स्वतःशीच एक्सओआर केलं की शून्यच उरतं, हे तुम्हाला माहीत होतं?”