मुंबईहून नेवार्कला थेट विमानाने नेमके किती तास लागतात?

तुम्ही विचारलंय की आईवडील पहिल्यांदाच मुंबईहून नेवार्कला, म्हणजे न्यूयॉर्कशेजारच्या विमानतळावर, निघालेत, तिकिटावर तर साडेसहाच तास दिसतात, मग खरं अंतर किती आणि वेळ किती?

अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाने जाताना साधारण १६ तास, येताना साडेचौदा. माझी लेक नेवार्कजवळच्या एडिसन गावात असते, त्यामुळे आम्ही दोघं तीनदा हा प्रवास करून आलोय.

तिकिटावर निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते, पोचायची तिथल्या. उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे असतो; नोव्हेंबर ते मार्च साडेदहा, कारण तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. समजा, जूनमध्ये रात्री एकला निघालात. १६ तासांनी घरी संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, तिथे मात्र त्याच तारखेचे सकाळचे साडेसात. परतताना तिथून रात्री साडेआठला बसलात, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठलाच उतरता. कागदावर २४ तास, विमानात साडेचौदा.

जाता-येतानाचा फरक वाऱ्याचा. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात.

घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. मला वाटायचं तो आफ्रिकेवरून जाईल. तो चढतो थेट उत्तरेला, रशियावरून, फिनलंड-स्वीडनच्या बाजूने, आणि आइसलँडजवळून खाली उतरतो. १२,५०० किलोमीटर म्हणजे हा दोरा. विमानाला मात्र बरेचदा याहून लांबून जावं लागतं. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना आपल्या आकाशातून जायला बंदी घातली, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना. त्यामुळे वळसा कुठून आणि किती, हे कंपनीवर ठरतं. वळशामुळे काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावंही लागलंय. म्हणून उतरल्यावर पुढची काही वेळ ठरवली असेल, तर हाताशी तीन-चार तास राखा.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, ती औषधांची. पहिल्या खेपेला ह्यांनी मधुमेहाची सकाळची गोळी विमानात भारताच्या वेळेने घेतली. उतरल्यावर घड्याळ बदललं, समोर सकाळचे साडेसात दिसले, नाश्त्याआधी सवयीने परत तीच गोळी घेतली. दुपारपर्यंत घामाने भिजले होते, हातपाय थरथरत होते. लेकीने साखर-पाणी दिलं म्हणून निभावलं. तेव्हापासून निघण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून घेतो, आणि घेतलेल्या गोळीवर तिथल्या तिथे खूण करतो. तुमच्या आईवडिलांनाही तो कागद हातातल्या पिशवीतच ठेवायला सांगा, मोठ्या बॅगेत नको. आणि दोघांपैकी एकाचं घड्याळ पहिले दोन दिवस तरी भारताच्या वेळेवर राहू द्या.