अख्खा मेल एकाच पोस्टरात नको

प्रश्न: ताई नमस्कार. रावेर तालुक्यात आमचा केळी वेफर्सचा छोटा धंदा आहे, घरचेच पाच जण राबतो. पुण्या-मुंबईकडच्या जुन्या गिऱ्हाइकांचे साडेसहाशे ईमेल पत्ते आहेत, त्यांनी स्वतःच दिलेले. भाच्याने मस्त पोस्टर बनवून दिलंय, केळीचा घड, भाव, ऑफर, फोन नंबर सगळं त्यातच, तेच दर महिन्याला मेलमधे टाकतो. पण ऑर्डर काही येत नाही, आणि एक जण म्हणाले की मेल उघडला तर नुसता रिकामा चौकोन दिसतो. चित्र टाकलं की मेल चालतो म्हणतात ना, मग आमचं काय चुकतंय?

उत्तर: भाऊ, ज्यांनी रिकामा चौकोन सांगितला त्यांना आधी एक पाकीट फुकट पाठवा, कारण बाकीचे लोक सांगत नाहीत, गपचूप मेल डिलीट करतात. जीमेल 2013 पासून चित्रं आपोआप दाखवतं, पण ऑफिसातल्या आउटलुकवर बऱ्याचदा बाहेरून आलेली चित्रं बंदच असतात, माणसाने परवानगी दिली तरच दिसतात. आणि तुमचा तर भाव पण चित्रात, फोन नंबर पण चित्रात, म्हणजे चित्र गेलं की दुकानच बंद. म्हणून भाव, वजन, नंबर आणि 'ऑर्डर द्या'चं बटण हे साध्या अक्षरात टाइप करा. शिवाय मोठं पोस्टर मोबाइलवर आकसतं, आपली जोडाक्षरं बारीक होऊन वाचताच येत नाहीत, आणि चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन थोडाच लागतो.

चित्राच्या मागे ऑल्ट टेक्स्ट नावाची जागा असते, चित्र दिसलं नाही तर तिथे लिहिलेलं दिसतं, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन तेच वाचून दाखवतो. तिथे 'फोटो 1' असं लिहू नका, 'कढईतून आत्ता काढलेले केळी वेफर्स, अर्धा किलोचं पाकीट' असं लिहा.

आता फोटो कुठला घ्यायचा, मला विचाराल तर खरी गोष्ट ही आहे. नेटवरून उचललेला पिवळाधमक घड कुणाच्याही मेलमधे असतो हो, जळगावच्या केळीला 2016 मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, नाव आपलं आहे आणि आपणच परक्या बागेचा फोटो लावायचा हे मला पटत नाही. तुमच्याकडे कच्चं केळ किसणीवरून थेट उकळत्या तेलात पडतं ना, तो क्षण सकाळच्या उजेडात मोबाइलवर टिपा, वहिनींचा हात दिसला तरी चालेल, उलट दिसूच द्या, त्यांना विचारून. गिऱ्हाइकाला कुरकुरीतपणा लिहून नाही कळत, वेफरची तुटलेली कड जवळून दिसली की कळतो. एका मेलला असा एक फोटो भरपूर झाला, फार तर दोन.

फोटो फोनमधून निघतो तसा तीन-चार एमबीचा टाकू नका, गावाकडे नेट अडकलं की अर्धाच उघडतो. मेलची रुंदी साधारण 600 पिक्सेल धरतात, त्याच्या दुप्पट म्हणजे 1200 चा फोटो जेपीजीमधे दोनशे केबीच्या आत बसवा. लोगो पारदर्शक पीएनजी असेल आणि अक्षरं काळी असतील तर डार्क मोडमधे, म्हणजे काळ्या स्क्रीनवर, गायब होतात, मागे पांढरी पट्टी द्या. आणि वर्डमधून मजकूर उचलून पेस्ट करू नका, त्याच्यासोबत नको तेवढा कोड येतो, मेलचा कोड 102 केबीच्या वर गेला की जीमेल खालचा भाग कापतं, नेमकं तुमचं बटण तिथेच असायचं.

किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर जाऊ नका. अ‍ॅपलच्या मेलमधे 2021 पासून प्रायव्हसीची सोय आलीये, ती चालू असली की माणसाने मेल न उघडताही चित्रं आधीच लोड होतात, आणि चित्र लोड झालं की मेल उघडला असं मोजलं जातं, त्यामुळे तो आकडा फुगतो. बटण किती जणांनी दाबलं आणि फोन किती आले ते वहीत लिहा.

प्रश्न: धुळ्यात आम्ही चार बायका खापरावरचे मांडे करून देतो. मेलमधेच व्हिडिओ चालेल का?

उत्तर: ताई, जीमेलमधे नाही चालत. व्हिडिओ यूट्यूबवर टाका आणि मेलमधे त्यातलं एक चित्र, वर त्रिकोणाची खूण, त्याला लिंक. नाहीतर तीन-चार सेकंदांची जीआयएफ म्हणजे हलतं चित्र करा, एक एमबीच्या आत, पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर मोठा होत जातो तेवढीच. फक्त विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमधे जीआयएफ हलत नाही, पहिलीच फ्रेम दिसते, म्हणून सुरुवात पिठाच्या गोळ्यापासून नको, मांडा हातांवर पुरता पसरलेला आहे आणि खाली खापर तापलंय, तिथूनच करा.