कमिट अ‍ॅक्सेस गेला, वर बदनामीची नोटीस आली, आता काय करू?

नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही सहा वर्षं एका ओपन सोर्स लायब्ररीचे (कोणीही बघू आणि वापरू शकेल अशा तयार कोडच्या संचाचे) मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारे होतात, बिनपगारी. प्रोजेक्ट चालवणाऱ्या कंपनीने जीपीएल 3 (कोड खुलाच ठेवायला लावणारं लायसन्स) सोडून स्वतःचं बंधनं घालणारं लायसन्स आणलं, तुम्ही विरोध केलात. त्याच आठवड्यात चालू युद्धाबद्दल तुमचं मत प्रोजेक्टच्या अधिकृत अकाउंटवरून टाकलंत, कंपनीने कोड ऑफ कंडक्टचं (प्रोजेक्टच्या वर्तन-नियमांचं) कारण देऊन तुम्हाला काढलं, कमिट अ‍ॅक्सेस म्हणजे कोडमध्ये थेट बदल करण्याची परवानगीही गेली, मग तुम्ही रागात एक लांब पोस्ट लिहिलीत आणि आता वकिलाची नोटीस आलीये की सात दिवसांत पोस्ट काढा, सोबतच्या माफीनाम्यावर सही करा. तुमचे प्रश्न तीन: मत मांडणं गुन्हा आहे का, माझा कोड परत घेता येईल का, आणि पॅकेजची पब्लिश की (लायब्ररीची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी चढवण्याची किल्ली) अजून माझ्याकडे आहे तर मी रिकामी आवृत्ती चढवली तर काय होईल.

शेवटच्यापासून सुरू करतो कारण तिथे घाई आहे. ती की वापरू नका. आज रात्री पण नको, राग शांत झाल्यावर पण नको. मार्च 2016 मध्ये एका डेव्हलपरने नावाच्या वादातून लेफ्ट-पॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेल्या जगभरातल्या सॉफ्टवेअरचे बिल्ड (कोड जोडून प्रोग्रॅम तयार करण्याचं काम) पडले. जानेवारी 2022 मध्ये कलर्स आणि फेकर या पॅकेजेसच्या लेखकाने मुद्दाम बिघडवलेल्या आवृत्त्या सोडल्या, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नोड-आयपीसीच्या लेखकाने युद्धाचा निषेध म्हणून रशिया आणि बेलारूसमधल्या मशीनवरच्या फाइल्स पुसणारा कोड घातला. त्यांचं दुखणं काय होतं हे आता कोणाला आठवत नाही, मोडलेलं काय ते मात्र आठवतं. आणि तुमची स्थिती त्यांच्यापेक्षा वाईट आहे, ते निदान आपल्याच पॅकेजचे मालक म्हणून वागत होते, तुम्हाला काढल्याचं लेखी कळवलेलं आहे, म्हणजे त्या कीचा वापर हा परवानगीशिवाय केलेला प्रवेश ठरू शकतो आणि बहुतेक देशांत तो फौजदारी गुन्हा आहे. म्हणून आजच त्यांना मेल करा: ही की माझ्याकडे राहिली आहे, मी ती वापरलेली नाही, तुमच्याकडून रद्द करून घ्या. दोन ओळी पुरेत. उद्या हा मेल तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा असेल.

आता पोस्ट. नोटिशीत तुमची दोन वाक्यं उचलली आहेत. पहिलं, "माझ्या मते लायसन्स बदलणं म्हणजे फुकट राबलेल्या लोकांशी केलेला दगा आहे." हे मत आहे, लायसन्स बदललं हे जगाला दिसतंय, त्यावरून तुम्ही निष्कर्ष काढलाय आणि वाचणाऱ्याला तो पटतो की नाही हे तो ठरवू शकतो. यावर ठाम राहा. दुसरं, "देणगीच्या पैशातून संस्थापकांनी आपलं घर भरलं." हे मत नाही हो. हे घडलं किंवा घडलं नाही असं तपासता येणारं विधान आहे, आणि पत्रात तुम्ही पुरावा म्हणून एवढंच लिहिलंय की "सगळ्यांना माहितीये". कोर्टात सगळ्यांना माहितीये म्हणजे कोणालाच माहिती नाही. पुढे "माझ्या मते" जोडलं तरी उपयोग नाही, खरा-खोटा ठरणारा आरोप तसाच राहतो.

पण तुमच्याच पत्रात त्याच्या जागी बसणारं वाक्य आहे आणि ते जास्त जोरकस आहे: गेली दोन वर्षं देणग्यांचा हिशोब जाहीर झालेला नाही आणि तुम्ही तीनदा लेखी विचारलं तरी उत्तर आलं नाही. तुमच्याकडे ते तीन मेल आहेत. मग तेवढंच लिहा आणि मेल जोडा. आधी पोस्टची तारखेसकट प्रत काढून ठेवा, मग ते एकच वाक्य बदला आणि खाली अमुक तारखेला दुरुस्ती केली असं स्पष्ट लिहा. पूर्ण पोस्ट गुपचूप उडवू नका.

ब्रूस पेरेन्स यांचं प्रकरण तुमच्या खूप जवळ जातं. ओपन सोर्स डेफिनिशन लिहिणारे हे गृहस्थ, 2017 मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं की लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी) पैसे घेऊन ग्रसेक्युरिटी नावाचे पॅचेस, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणाऱ्या कंपनीच्या अटी त्यांच्या मते जीपीएलचा भंग करतात आणि ग्राहकांनाही त्यात धोका आहे. कंपनीने बदनामीचा दावा लावला. कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने तो फेटाळला, कारण कायद्याच्या अजून न सुटलेल्या प्रश्नावर, आधार उघड सांगून मांडलेलं ते मत होतं. 2020 मध्ये अपिलातही तेच टिकलं आणि कंपनीला पेरेन्स यांच्या वकिलांचा अडीच लाख डॉलरहून जास्त खर्च द्यावा लागला. त्यांनी आधार उघड सांगितला होता हे नीट लक्षात घ्या, सगळा फरक तिथे आहे. पण खर्च मिळाला तो त्या राज्याच्या खास कायद्यामुळे, असं संरक्षण सगळीकडे नाही. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. भारतात असाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 प्रमाणे बदनामी हा फौजदारी गुन्हासुद्धा आहे आणि तिथे नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं.

युद्धाबद्दलचं मत तुमच्या खाजगी अकाउंटवरून असतं तर मी तुमच्या बाजूने जास्त भांडलो असतो. प्रोजेक्टच्या अकाउंटवरून टाकलंत, तिथे तुम्ही दहा-बारा जणांच्या तोंडून बोललात, ते चुकलंच. आणि कमिट अ‍ॅक्सेस हा सहसा हक्क नसतो, दिलेली परवानगी असते, ती काढण्याविरुद्ध फार काही करता येत नाही. मला याचं वाईट वाटतं, सहा वर्षांची मेहनत एका मेलने संपते हे बरोबर नाहीच. पण मेंटेनरपद गेलं म्हणून कॉपीराइट जात नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये निर्बंधांचं कारण देऊन काही रशियन डेव्हलपर्सची नावं लिनक्सच्या मेंटेनर यादीतून काढली, तेव्हाही त्यांनी लिहिलेला कोड आणि त्याचं श्रेय तिथेच राहिलं.

आणि इथे तुमची खरी ताकद आहे, जी तुम्ही पत्रात एका ओळीत उडवलीत: "सीएलए वगैरे काही सही केलं नव्हतं." सीएलए म्हणजे योगदानकर्त्याने आपल्या कोडचे अधिकार प्रोजेक्टला देण्याचा करार. मग कंपनी तुमचा कोड नव्या लायसन्सखाली नेऊच कशी शकते? जुना प्रसिद्ध झालेला कोड तुम्ही परत घेऊ शकत नाही, जीपीएल 3 मध्येच लिहिलंय की अटी पाळल्या तोवर दिलेले हक्क मागे घेता येत नाहीत. पण तीच अट त्यांनाही बांधते. तुमची परवानगी नसेल तर तुमचा भाग जीपीएलखालीच राहतो, नाहीतर तो काढून नव्याने लिहावा लागतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरच्या लोकांनी 2011 च्या सुमारास लायब्ररीचं लायसन्स बदललं तेव्हा जुन्या योगदानकर्त्यांना शोधून शोधून होकार घेतला होता, उगाच नाही. रेडिस या डेटाबेसचं लायसन्स बदलणं 2024 मध्ये सोपं गेलं कारण आधीचं बीएसडी लायसन्स बरंच मोकळं होतं. त्यातून फुटलेल्या लोकांनी वाल्की काढलं, नाव वेगळं ठेवून. तुम्हीही फोर्क करताय (तोच कोड घेऊन वेगळा प्रोजेक्ट काढताय) तर नाव आणि लोगो आजच बदला, कोडचं लायसन्स ट्रेडमार्क देत नाही आणि त्यांच्या पुढच्या नोटिशीचं कारण तुम्हीच कशाला पुरवायचं.

एक शंका मात्र आहे. या सहा वर्षांत तुम्ही नोकरी करत होतात. नोकरीच्या करारात "कर्मचाऱ्याने बनवलेलं सगळं कंपनीचं" छापाचं कलम असेल तर तुमचे काही कमिट (कोडमध्ये केलेले बदल) तुमच्या मालकाच्या नावे निघतील, मग परवानगी नाकारण्याचा अधिकार तुमचा उरत नाही. तो करार शोधा, ऑफिसच्या ईमेलवरून केलेले कमिट वेगळे काढा.

सात दिवसांची मुदत कोर्टाची नाही, त्यांच्या वकिलाची आहे, पण गप्प बसू नका. माफीनाम्यावर सही करू नका, त्यातल्या चौथ्या परिच्छेदात या प्रोजेक्टबद्दल यापुढे कधीच काही लिहिणार नाही अशी हमी आहे आणि त्याखालीच कोडवरचे सगळे हक्क सोडल्याचं कबूल करून घेतलंय, बदनामीच्या नोटिशीत त्याचं काय काम? त्यांना तुमची परवानगी हवी आहे, ती अशी मागतायत. नोटीस, पोस्टची प्रत, हिशोबाचे तीन मेल, काढल्याचा मेल आणि नोकरीचा करार एवढं घेऊन तुमच्याकडच्या, कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला परवापर्यंत भेटा आणि उत्तर त्या वकिलाच्या लेटरहेडवरून जाऊ द्या, सोबत पंधरा दिवसांची मुदतवाढ मागा.